कर्ता कोण?

पोटापाण्यासाठी मी जे अनुवाद करते त्यांतला निम्म्याहून अधिक भाग आरोग्याचा असतो. कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद चार लोकांत नाव देतात. घरभाडे भरतात ती पत्रके, भित्तिपत्रके, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, संमतिपत्रे आणि मोबाइलवर पाठवायचे संदेश. मराठी मुलखाबाहेर, हैदराबादेत बसून मी हा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणते, आणि त्याच मजकुराचे इतर भाषांतले अनुवाद करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी शब्दांवरून रोज वाद घालते. या कामातून एक तक्रार साचत गेली आहे. तक्रार व्याकरणाची आहे. ती साहित्याच्या वाचकांपुढे मांडते आहे, कारण वाक्यात कोण आहे आणि कोण गायब आहे हे पाहण्याची सवय त्यांनाच असते.

आरोग्याच्या सरकारी आणि निमसरकारी मराठीत माणसे कोणत्या पुरुषात येतात ते पाहा. भित्तिपत्रकावर द्वितीय पुरुष असतो, तोही आज्ञार्थी: हात धुवा. पाणी उकळून प्या. डबकी साचू देऊ नका. सकस आहार घ्या. तपासणीला वेळेवर या. नोंदवहीत तीच माणसे तृतीय पुरुषी होतात: लाभार्थी, संशयित, अनियमित. वार्षिक अहवालात शासन बोलते तेव्हा मात्र कुणीच उरत नाही. फवारणी करण्यात आली, साठा उपलब्ध करून देण्यात येत आहे, उचित कार्यवाही करण्यात येईल. कोण करणार, ते विचारायचे नाही. प्रथम पुरुष एकवचनी ‘मी’ या साऱ्या कागदांत रुग्णाला एकाच ठिकाणी मिळतो, संमतिपत्राच्या तळाशी: मला सर्व काही समजावून सांगण्यात आले आहे, मला ते समजले आहे, होणाऱ्या परिणामांची जबाबदारी माझी आहे. सही किंवा डाव्या हाताचा अंगठा.

म्हणजे आजार टाळायचा तुम्ही, नोंद होणार तुमची, दोष तुमचा आणि सहीसुद्धा तुमची. शासनाच्या वाट्याला उरतो तो कर्मणी प्रयोग. ही निव्वळ रुक्ष भाषा असती तर मी नाक मुरडून गप्प बसले असते. पण या वाक्यरचनेने जबाबदारीची वाटणी करून टाकली आहे, आणि ती वाटणी सार्वजनिक आरोग्याच्या मूळ कल्पनेच्या नेमकी उलट आहे.

मूळ कल्पना साधी आहे. आजार एकेकट्या माणसाला होताना दिसला तरी त्याचे कारण बहुधा सगळ्यांच्या सामाईक गोष्टींत असते: पाण्यात, छपरात, ताटात, कामाच्या जागी. म्हणून आजार होऊ न देणे हे आधी व्यवस्थेचे काम, उपदेशाचे नंतरचे. आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याला जास्त मिळाले, तरच ही व्यवस्था न्याय्य. हे शिकायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडावर काम सुरू केले. तिथल्या मातीपाण्यातच आयोडीन कमी होते. त्यांनी खोऱ्यातल्या एका भागात आयोडीन घातलेले मीठ पुरवले, दुसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या भागातला गलगंड स्पष्टपणे उतरला. लोकांनी काय केले? जेवणात मीठ घातले, रोजच्यासारखे. त्यांना कुणी जागे केले नाही, शपथ दिली नाही, रांगोळी स्पर्धा भरवली नाही. बदलले ते मीठ.

याउलट आपला लाडका शब्द आहे ‘जनजागृती’. स्वातंत्र्याच्या चळवळीत या शब्दाचा अर्थ होता लोकांनी राज्यकर्त्याविरुद्ध जागे होणे. आता राज्यकर्ताच लोकांना गदागदा हलवून विचारतो, झोपलात का? शब्द तोच राहिला, जागे करणारा आणि जागा होणारा यांच्या जागा मात्र बदलल्या. डेंग्यू वाढला की जनजागृती, कुपोषण वाढले की जनजागृती, बाळंतिणी दगावल्या तरी जनजागृती. या शब्दाच्या पोटात एक निदान दडलेले आहे: लोकांना माहीत नाही, म्हणून लोक आजारी पडतात. ज्या बाईच्या घरी नळाला तीन दिवसांनी पाणी येते तिला पाणी झाकून ठेवावे हे माहीत नसते असे समजणाऱ्याने एकदा तिचे पिंप पाहावे. ते झाकलेलेच असते. ती पाणी साठवते, कारण नळाला रोज पाणी येत नाही. आणि डास होतात ते साठवलेल्या पाण्यात. भित्तिपत्रक तिच्या पिंपाबद्दल बोलते. नळाबद्दल बोलत नाही.

ही आज्ञार्थी भाषा आली कुठून, याचा एक धागा आपल्याच इतिहासात आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. तो होता अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते उपाय योजण्याचा अधिकार, न पाळणाऱ्याला शिक्षा, अंमलबजावणी करणाऱ्याला संरक्षण. आजारी माणसाला काय मिळाले पाहिजे याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. त्यातून पुण्यात काय घडले, घराघरांत शिरलेले सोजीर आणि पुढचे रँडप्रकरण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला आणि त्यात सुधारणा झाली ती आरोग्यकर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देण्याची. ती गरजेचीही होती. पण आजारी माणूस त्यात हक्काचा धनी म्हणून तेव्हाही आला नाही.

त्याच १८९७ साली, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. डॉक्टर असलेल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात त्या रुग्ण आणून पोचवत होत्या. एकाच वर्षात आपल्याला सार्वजनिक आरोग्याचे दोन वारसे मिळाले: एक दार ठोठावून आत शिरणारा, दुसरा माणसाला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत जाणारा. पुण्यतिथीला आपण दुसऱ्याला हार घालतो. मसुदा लिहायला बसलो की हाताशी येते ती पहिल्याची भाषा.

आता क्षयाकडे येते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चारांत एक भारतात आहे. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात सर्वाधिक कागद याच आजाराचे असतात, त्यामुळे भाषेचा खेळही इथेच सर्वाधिक दिसतो.

ज्याची तपासणी व्हायची आहे, त्याला आपण ‘संशयित’ म्हणतो. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा शब्द दुसऱ्या कुठल्या पानावर भेटतो ते सांगायला नको. संशयित पोलिसांना असतो. आजार टाळण्याच्या उपायांना आपण ‘प्रतिबंधात्मक’ म्हणतो. तोच शब्द सणासुदीच्या आधी पोलीस करतात त्या कारवाईला आहे. ज्याचा औषधोपचार मध्येच थांबला, त्याला इंग्रजीत अनेक वर्षे ‘डिफॉल्टर’ म्हणत, म्हणजे हप्ते बुडवणाऱ्या कर्जदाराचा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या नव्या व्याख्यांत तो काढून टाकला, ‘संशयित’ही काढून टाकला. इंग्रजीत आता असा रुग्ण ‘पाठपुराव्यातून निसटलेला’ असतो. निसटू दिला कुणी, हा प्रश्न त्या शब्दात निदान डोकावतो तरी. आपल्या भाषांपर्यंत ही दुरुस्ती अजून धड पोचलेली नाही. एका पत्रकात मी ‘उपचार तुटलेले रुग्ण’ असे लिहिले होते. छापून आले तेव्हा तपासणाऱ्याने त्याचे ‘उपचार अर्धवट सोडणारे बेजबाबदार रुग्ण’ केलेले होते. बेजबाबदार हा शब्द इंग्रजी मुळात नव्हता. तो आमच्या मराठीने स्वतःच्या खिशातून घातला.

उपचार तुटतो कसा? साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा हंगामही जवळपास तेवढाच. दिवाळीच्या आगेमागे गाव सुटते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतले एक आजारी पडले की कोयता अर्धा होतो. एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे मजुरी गेली ती गेली, वर दंड. आता गोळ्या मिळतात त्या गावच्या आरोग्य केंद्रात आणि माणूस फडावर, पालात, तीनशे किलोमीटर दूर. कार्यक्रमाच्या नियमांत रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलवण्याची सोय आहे. ती प्रत्यक्षात चालावी यासाठी त्या माणसाने खाडा पत्करून नव्या गावातले केंद्र शोधायचे. तो गेला नाही तर नोंदवहीत बेजबाबदार कोण ठरतो, हे आपण वाचलेच.

आता याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहा. मार्च २०२४ मध्ये देशात अनेक ठिकाणी क्षयाच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला. केंद्राने राज्यांना पत्र लिहून काही काळ स्थानिक पातळीवर औषधे खरेदी करायला सांगितले. लोकांना केंद्रावरून रिकाम्या हाताने परतावे लागले, काहींना थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. एक दिवसही गोळी चुकवू नका, चुकवली तर जंतू निर्ढावतील, हे ज्यांना वर्षानुवर्षे बजावले होते त्यांनाच गोळी नव्हती. या वेळी अनियमित कोण ठरले? कुणीही नाही. पुरवठ्यात विलंब ‘झाला’. पाऊस झाला, उशीर झाला, तसा विलंब झाला. रुग्णाने औषध चुकवले की त्याला नाव मिळते. शासनाने चुकवले की भाषा हवामानखात्याची होते.

मला सर्वाधिक राग येतो तो एका निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्याचा: ‘सकस आहार घ्या.’ क्षयाच्या प्रत्येक पत्रकात ते असते. आमच्या भाषेने या आजाराला नावच ‘क्षय’ दिले, झिजणे, घटणे. ताटाशी असलेला संबंध नावातच आहे. पण तो किती घट्ट आहे हे मोजूनही झाले आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. सुमारे २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे. रुग्णांना सगळीकडेच शिधा दिला. घरातल्या इतरांना मात्र एका गटात दिला, दुसऱ्यात नाही. शिधा म्हणजे माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. बदाम-पिस्ते नव्हते त्यात. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुफ्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरण-भाताने जवळजवळ निम्मा आजार दाराबाहेर ठेवला.

या निष्कर्षानंतर ‘सकस आहार घ्या’ हे वाक्य छापायला लाज वाटली पाहिजे. ‘घ्या’ म्हणजे कुठून? ज्या घरात तूरडाळ महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संपते तिथे हे वाक्य माहिती देत नाही, वाकुल्या दाखवते. डाळ हे जर औषध आहे, आणि ते आहे हे आता सिद्ध झाले आहे, तर ते पुरवणे औषध पुरवण्याइतकेच बांधील आहे. शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पण ९ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालेल्या अभियानाने शिध्याच्या टोपलीसाठी जो मार्ग काढला तो पाहा: कुणी व्यक्ती, कंपनी, संस्था ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाला आधार देईल. वर्तमानपत्री मराठीत या कृतीला लगेच शब्द सापडला: रुग्ण ‘दत्तक’ घेणे. चाळीस वर्षांचा कर्ता पुरुष किंवा तीन लेकरांची आई दत्तक! हातात टोपली, शेजारी दाता, समोर कॅमेरा. आजारी असल्याची बातमी वस्तीत लपवून ठेवणाऱ्या माणसाला डाळीची किंमत छायाचित्राने चुकवावी लागते.

आमची राज्यघटना या बाबतीत भाषेने फार स्वच्छ आहे. कलम ४७ वाचा. पोषणमान आणि राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे ही प्राथमिक कर्तव्ये आहेत असे ते सांगते, आणि कर्तव्ये कुणाची, हे त्या वाक्यात ठळक आहे: राज्याची. पोषण आधी, आरोग्य नंतर, आणि कर्ता जागेवर. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यावर थेट दावा लावता येत नाही, हे खरे. पण कर्ता जागेवर असला की काय होते, हे १९९६ मध्ये दिसले. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले होते. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांच्या संघटनेने खटला लढवला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. राज्याला भरपाई द्यावी लागली. खाट ‘उपलब्ध नव्हती’ या कर्मणी सबबीला न्यायालयाने कर्तरी उत्तर दिले: ती उपलब्ध करणे तुमचे काम होते.

पैशांची गोष्ट निघालीच आहे. भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के होईल. सरकारचेच २०२१-२२ चे हिशेब सांगतात की तो १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट आपल्या खिशातून भरला. आठ वर्षांपूर्वी हा भाग ६४ टक्क्यांवर होता, तेव्हा सुधारणा झाली हे मान्य. तरीही शंभरातले चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातून येतात. दागिने मोडून, जमीन गहाण ठेवून, पोरीची शाळा थांबवून येतात. त्याच माणसाला आपण ‘लाभार्थी’ म्हणतो.

या शब्दाबद्दल मी माझ्या भाषकमित्रांकडे चौकशी केली. मराठी, हिंदी, गुजराती: लाभार्थी, लाभ मागायला आलेला. तेलुगूत, जी माझ्या गल्लीत बोलली जाते, लब्धिदारुडु, म्हणजे ज्याला काही मिळाले तो. कन्नडमध्ये फलानुभवी, फळ चाखणारा. मल्याळममध्ये गुणभोक्ताव्. तमिळमध्ये पयनाळी. बंगालमध्ये उपभोक्ता, जो मराठीत ऐकला की डोळ्यांपुढे दुकान येते. इतक्या भाषा, इतक्या लिपी, आणि सगळ्यांनी मिळून कर भरणाऱ्या नागरिकाला पाहुणा करून टाकले. काडेपेटीवर, साबणावर तो कर भरतो. आमच्यापैकी कुणाच्याही भाषेत ‘हक्कदार’ची उणीव नव्हती.

आणि या लाभार्थ्याच्या दारापर्यंत सगळी व्यवस्था पोचवते कोण? आशा. २००५ मध्ये ही योजना सुरू झाली. आज देशात दहा लाखांहून अधिक आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. महाराष्ट्रात त्यांचे अधिकृत नाव आहे आशा ‘स्वयंसेविका’. शब्द थोर आहे, आणि महागात पडणारा आहे. स्वयंसेविका म्हटले की वेतन नको, मानधन पुरते. किमान वेतनाचा प्रश्न मिटला, निवृत्तिवेतनाचाही मिटला. लसीकरणाच्या दिवशी, बाळंतपणाच्या रात्री, क्षयरुग्णाला गोळी देताना, कोविडच्या सर्वेक्षणात, सगळीकडे ती कामगार. पगाराच्या कागदावर तेवढी स्वयंसेविका. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळात, ज्या राज्याच्या आरोग्यव्यवस्थेचे आपण सगळे कौतुक करतो तिथे, आशा सचिवालयासमोर बसल्या आणि महिनोन् महिने बसून राहिल्या. मानधन वाढवा, अशी ती मागणी. एका शब्दावर किती रुपये अवलंबून असतात हे त्यांना आम्हा अनुवादकांपेक्षा चांगले कळते.

मला माहीत आहे, यावर एक उत्तर तयार असते. लोकांच्या वागण्याला काहीच महत्त्व नाही का? हात धुण्याने जीव वाचत नाहीत का? वाचतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखर-सोड्याचे पाणी पाजायला रुग्णांच्या नातेवाइकांना शिकवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. म्हणजे सांगण्याने, शिकवण्याने जीव वाचले, हे निर्विवाद. पण त्यांनी ‘मीठ-साखरेचे पाणी पाजा’ असा फलक लावला नव्हता. कलकत्त्यात त्या मिश्रणाची पाकिटे भरली, छावणीत आणली, पाण्याची पिंपे भरून ठेवली आणि मग आईच्या हाती पेला दिला. आधी पेला, मग आज्ञार्थ. हा क्रम पाळला तर आज्ञार्थाशी माझे भांडण नाही. साबण आणि पाणी दिलेल्या शाळेत ‘हात धुवा’ हे शिक्षण आहे. कोरड्या नळावर तेच वाक्य चेष्टा आहे.

दुसरे उत्तर असे: शब्द बदलून का आजार जातात? जात नाहीत. पण शब्द प्रश्नाची दिशा ठरवतात. ‘उपचार सोडला’ म्हटले की रुग्णाला समुपदेशन सुचते. ‘उपचार तुटला’ म्हटले की कुठे तुटला हे शोधावे लागते, आणि शोध साखर कारखान्याच्या फडापर्यंत जातो. ‘समान’ आरोग्यसेवा म्हटले की प्रत्येक तालुक्याला एक रुग्णवाहिका देऊन हात झटकता येतात, मग तो तालुका पुण्याजवळचा असो की मेळघाटातला. इथे तर मराठीकडे उसना शब्द आणायचीही गरज नाही. पाण्याच्या चळवळींनी आपल्याला ‘समन्यायी’ वाटप हा शब्द दिला, तो कायद्याच्या चर्चेत आणि वर्तमानपत्रांत रुळला. धरणाच्या पाण्याला लावतो तो शब्द आरोग्याच्या कागदांत मला क्वचितच सापडतो. मी लिहिला की ‘समान’ करून परत येतो. सोपे करा, असा शेरा. समन्यायी हे अवघड आहेच, पण उच्चारायला नव्हे.

संमतिपत्राच्या त्या एकुलत्या एका ‘मी’कडे शेवटी येते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, शासनाने समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. दुखणे वाढले की शस्त्रक्रिया हाच कायमचा इलाज म्हणून सांगितला जातो. त्या शस्त्रक्रियांच्या कागदांवरही कुणीतरी अंगठा उठवलाच असेल, ‘मला सर्व समजले आहे’ या वाक्याखाली. तिला सर्व समजलेच होते. खाडा किती, उचल किती, हंगाम किती दिवसांचा, सगळे तिला तोंडपाठ होते. समजून घेण्याची गरज तिच्या बाजूला नव्हती. जिला संमती द्यायला दुसरा पर्यायच ठेवलेला नाही, तिच्या तोंडी प्रथम पुरुष घालणे म्हणजे तिच्याच हाताने तिच्याविरुद्ध साक्ष लिहून घेणे.

हे नियतकालिक अनेक भाषांतून निघते, म्हणून माझ्यासारखेच काम करणाऱ्यांना उद्देशून चार गोष्टी सांगते. ‘संशयित’ लिहू नका. तपासणी व्हायची आहे असे लिहा. ‘लाभार्थी’च्या जागी हक्कदार, आणि तो चालत नसेल तर निव्वळ नागरिक लिहा. आशा ही कर्मचारी आहे, स्वयंसेविका नव्हे. ‘विलंब झाला’ असे आले की कुणाकडून झाला ते मूळ लिहिणाऱ्याला विचारा; तो वैतागेल, विचारा. आणि प्रत्येक आज्ञार्थी वाक्याखाली त्याची दुसरी बाजू मागा. ‘पाणी उकळून प्या’ छापायचे असेल तर त्याखाली एक ओळ अशी हवी: या वस्तीचे पाणी अमुक विभागाने अमुक तारखेला तपासले, निकाल असा, पुढची तपासणी अमुक तारखेला. ‘सकस आहार घ्या’ खाली शिधा कुठे, कधी आणि किती मिळेल ते हवे. ही माहिती मिळाली नाही तर त्या ओळीची जागा कोरी ठेवून मजकूर परत पाठवा, आणि समासात लिहा की इथे कर्ता भरायचा राहिला आहे. अनुवाद अपुरा आहे असे ते म्हणतील. म्हणू देत. तो तिथे अपुराच आहे, आणि पुरा करणे आपल्या हातात नाही.